सकाळी व्यायाम करणाऱ्या, इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या नजरेतून फ्रीस्टाईल लिब्रे

ॲबट कंपनीच्या फ्रीस्टाईल लिब्रे या दंडावर लावायच्या सेन्सरबद्दल जे काही वाचायला मिळते, ते बहुतेक वेळा बोट टोचण्यापासून होणाऱ्या सुटकेभोवतीच फिरते. माझ्या मते ही त्याची सर्वांत कमी महत्त्वाची बाजू आहे. बोट टोचण्याची सवय होते आणि ती सुई काही फार दुखत नाही. इन्सुलिन घेणारा माणूस सकाळी बूट घालून दाराबाहेर पडताना अडतो तो वेगळ्याच प्रश्नाशी : आत्ता साखर किती आहे, यापेक्षा ती कोणत्या दिशेने निघाली आहे आणि पुढच्या पाऊण तासात कुठे पोहोचणार आहे? या एका कसोटीवर मी हा सेन्सर पारखला. त्या कसोटीवर तो खरोखर उपयोगी ठरतो, मात्र त्याच्या मर्यादा न समजता वापरला तर नेमका व्यायामाच्या वेळीच तो चकवू शकतो, आणि त्याची किंमत पाहता तो वर्षभर लावावा असे मी प्रत्येकाला सांगणार नाही.

माझी उपचारपद्धती आधी सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. रात्री दिवसभर पुरणारे ग्लार्जिन हे इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी जलद काम करणारे इन्सुलिन अशी माझी इंजेक्शने आहेत. सकाळी पुण्यातल्या टेकड्यांपैकी एखादीवर झपाझप चालणे, आठवड्यातून काही वेळा वजने उचलणे आणि जमेल त्या रविवारी सिंहगड, असा व्यायाम असतो. केवळ गोळ्यांवर असलेल्या मधुमेहींसाठी यातले बरेचसे लागू होणार नाही.

उपकरण म्हणून लिब्रे साधे आहे. दहा रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी, पस्तीस मिलिमीटर व्यासाची चकती दंडाच्या मागच्या बाजूला चिकटते आणि तिच्यातला सुमारे पाच मिलिमीटर लांबीचा केसासारखा बारीक तंतू कातडीखाली राहतो. लावण्याचे साधन सोबतच येते. दाबल्यावर खट्‌ असा आवाज होतो आणि काम संपते. तासाभराने सेन्सर सुरू होतो आणि चौदा दिवस चालतो. रक्ताच्या थेंबाने तो जुळवून घ्यावा लागत नाही, कारण हे काम कारखान्यातच झालेले असते. वाचनयंत्र किंवा त्याचे ॲप चालणारा मोबाइल जवळ धरला की आकडा, मागच्या आठ तासांचा आलेख आणि एक बाण दिसतो. माझ्यासारख्या माणसाने पैसे मोजायचे ते या बाणासाठी.

बाण का मोलाचा, हे समजायला व्यायामात शरीर काय करते ते थोडे पाहावे लागते. मधुमेह नसलेल्या माणसाने चालायला सुरुवात केली की त्याचे स्वादुपिंड इन्सुलिनचा स्राव आपोआप कमी करते, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडू लागते आणि स्नायूंना लागेल तेवढी ती मिळत राहते. आपण मात्र इन्सुलिन टोचून घेतलेले असते आणि एकदा कातडीखाली गेलेले इन्सुलिन परत घेता येत नाही. शिवाय आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणजे एका बाजूने स्नायू साखर खेचत असतात आणि दुसऱ्या बाजूने टोचलेले इन्सुलिन यकृताचा हात धरून ठेवते. अशा वेळी साखर उतरते, आणि कधी फार वेगाने उतरते. मांडीत इंजेक्शन घेऊन लगेच पळायला गेल्यास त्या जागेतून इन्सुलिन अधिक वेगाने शोषले जाते, म्हणून व्यायामाआधीचे इंजेक्शन पोटावर घ्यावे असे सांगतात.

उपाशीपोटीचा सकाळचा व्यायाम मात्र या चित्रात थोडा वेगळा बसतो, आणि लिब्रेने मला सर्वांत आधी दाखवले ते हेच. पहाटे वाढ संप्रेरक आणि कॉर्टिसोल यांच्या प्रभावाखाली यकृत साखर सोडत असते, तिला तोंड देणारे इन्सुलिन थोडे असते आणि आदल्या रात्रीच्या जेवणाआधी घेतलेल्या जलद इन्सुलिनचा अंमल केव्हाच संपलेला असतो. त्यामुळे उठल्यावर १३० वर असलेली साखर (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत) टेकडीवरच्या पाऊण तासाच्या चालण्यात फारशी हलत नाही. आलेख जवळपास सपाट राहतो, फार तर वीसेक अंकांनी खाली येतो. मधुमेह असलेल्याने उपाशीपोटी व्यायाम कधीच करू नये, असे आपल्याकडे घरोघरी सांगितले जाते आणि घरचे लोक काळजीपोटी दोन बिस्किटे खाल्ल्याशिवाय बाहेर पडू देत नाहीत. ज्यांचे रात्रीचे इन्सुलिन योग्य प्रमाणात बसले आहे, त्यांच्यासाठी हा सल्ला सरसकट खरा नाही. पण बसले आहे की नाही, हे ठरवायला पहाटे तीनपासून उठेपर्यंतचा आलेख हवा. तो जर एकसारखा उताराचा असेल, तर दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन जास्त होत आहे आणि अशा माणसाने उपाशीपोटी टेकडी चढणे धोक्याचे आहे. उठल्यावर बोट टोचून मिळणारा एक आकडा या दोन माणसांमध्ये फरक करू शकत नाही. दोघांचाही आकडा ११५ असू शकतो.

नाश्त्यानंतरच्या व्यायामाची गोष्ट उलट आहे. पोह्यांची बशी, त्याआधी नेहमीच्या मात्रेत घेतलेले जलद इन्सुलिन आणि तासाभराने चालायला बाहेर, हा क्रम निरुपद्रवी वाटतो, कारण निघताना साखर १९० च्या घरात असते आणि माणूस निर्धास्त असतो. पण ॲस्पार्ट किंवा लिस्प्रोसारखे जलद इन्सुलिन साधारण एक ते तीन तासांच्या दरम्यान सर्वाधिक जोरात असते, म्हणजे नेमके चालण्याच्या वेळी. सेन्सरवर तेव्हा बाण सरळ खाली दिसतो. लिब्रेमध्ये सरळ खाली जाणाऱ्या बाणाचा अर्थ मिनिटाला दोनपेक्षा जास्त अंकांनी घसरण, तिरक्या बाणाचा अर्थ मिनिटाला एक ते दोन, आणि आडव्या बाणाचा अर्थ एकापेक्षा कमी. हा हिशेब तोंडपाठ असावा. मिनिटाला दोन म्हणजे अर्ध्या तासात साठ. १९० वरून निघालेला माणूस अर्ध्या तासात १३० वर आणि तासाभरात ७० वर येऊ शकतो, तोही त्याचा वेग वाढला नाही तर. म्हणूनच जेवणानंतर दीड-दोन तासांच्या आत व्यायाम करायचा असेल, तर त्या जेवणाच्या इन्सुलिनची मात्रा व्यायामाचा जोर आणि कालावधी पाहून पाव ते पाऊण भाग इतकी कमी करण्याची पद्धत रूढ आहे. ती कोणासाठी किती, हे आपल्या डॉक्टरांशीच ठरवावे लागते. सेन्सरचा उपयोग असा, की ठरवलेली कपात पुरेशी झाली की कमी पडली, हे त्याच सकाळी आलेखात दिसते आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर आठवणीतल्या अंदाजाऐवजी कागद ठेवता येतो.

पहिल्या प्रकारच्या (टाइप १) मधुमेहात व्यायाम कसा करावा, यावर २०१७ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यात व्यायाम सुरू करताना साखर साधारण १२६ ते १८० च्या दरम्यान असावी असे म्हटले आहे. ९० च्या खाली असल्यास आधी दहा ते वीस ग्रॅम ग्लुकोज घेऊन साखर वर येईपर्यंत थांबावे, ९० ते १२४ च्या दरम्यान असल्यास दहा ग्रॅम घेऊन निघावे, आणि २७० च्या वर असल्यास आधी केटोन (इन्सुलिन अपुरे पडून शरीर चरबी जाळू लागले की रक्तात साठणारे आम्ल पदार्थ) तपासावेत. रक्तातले केटोन लिटरमागे १.५ मिलिमोलच्या वर असतील तर त्या सकाळी व्यायामाचा विषयच बंद. हे आकडे ग्लुकोमीटरच्या काळातही वापरता येत होते. सेन्सरमुळे त्यांच्याशेजारी दिशा येऊन बसते आणि निर्णय बदलतो. १४० आणि बाण आडवा असेल तर मी तसाच निघतो. १४० आणि बाण तिरका खाली असेल तर दहा ग्रॅम कर्बोदके, म्हणजे दोन-तीन मारी बिस्किटे, खाऊन निघतो. १४० आणि बाण सरळ खाली असेल तर निघतच नाही. ग्लुकोज घेऊन पंधरा-वीस मिनिटे बसतो आणि पुन्हा पाहतो. आकडा तिन्ही वेळा एकच असतो.

आता मर्यादा. लिब्रे रक्तातली साखर मोजत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली मोजते. रक्तातला बदल तिथे पोहोचायला वेळ लागतो. स्वस्थ बसलेले असताना हा उशीर पाचेक मिनिटांचा असतो आणि तो जाणवतही नाही. व्यायामात साखर वेगाने बदलू लागली की हे अंतर दहा-बारा मिनिटांपर्यंतही वाढते. म्हणजे उतरणीवर सेन्सर ९५ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्ष ७५ असू शकते. ज्या क्षणी अचूक आकडा सर्वाधिक हवा असतो, नेमक्या त्याच क्षणी हे उपकरण मागे असते. हा एका कंपनीचा दोष नाही, त्वचेखाली मोजणाऱ्या प्रत्येक सेन्सरला तो लागू आहे, परंतु जाहिरातीत आणि दुकानात तो ठळकपणे सांगितला जात नाही, आणि माझी मुख्य तक्रार तिथे आहे. म्हणून व्यायामादरम्यान बाण खाली असेल तर ७० ची वाट न पाहता १०० च्या आसपासच हात खिशाकडे न्यावा. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही जाणवत असेल आणि सेन्सर सगळे ठीक म्हणत असेल, तर शरीराचे ऐकावे आणि ग्लुकोमीटरने खात्री करावी. खात्री करायला साधन नसेल तर आधी ग्लुकोज घ्यावे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असणाऱ्यांनी आणखी सावध राहावे, कारण त्या गोळ्यांमुळे धडधड आणि थरथर जाणवत नाही. घाम तेवढा येतो, आणि टेकडी चढताना घाम कोणालाही येतो.

साखर उतरल्यावर पंधरा ग्रॅम ग्लुकोज आणि पंधरा मिनिटांची विश्रांती, हा नियम सेन्सर लावल्यावर पाळणे उलट अवघड होते, कारण तो उशिराचा प्रश्न इथेही येतो. ग्लुकोज पावडरचे तीन सपाट चहाचे चमचे पाण्यातून घेतले, रक्तातली साखर वर येऊ लागली, तरी सेन्सर आणखी काही मिनिटे खालचाच आकडा दाखवत राहतो. घाबरलेला माणूस मग पुन्हा घेतो, शिवाय एक केळे खातो आणि तासाभराने साखर २५० वर गेली म्हणून वैतागतो. उपचार केल्यानंतरची पहिली तपासणी बोटाचीच असावी. चॉकलेट या कामासाठी निरुपयोगी आहे, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर शोषली जायला वेळ लागतो. औषधांच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची पुडी खिशात मावते आणि पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली की प्रश्न मिटतो.

वजने उचलण्याच्या किंवा जिन्यावरून धावत चढण्याच्या व्यायामात चित्र पुन्हा पालटते. पर्वतीच्या शंभराहून अधिक पायऱ्या एका दमात चढून जाणाऱ्यांना हे कळेल. जोराच्या, थोड्या वेळाच्या श्रमात ॲड्रेनलिन यकृताला साखर सोडायला लावते आणि सकाळी उपाशीपोटी तर ती हमखास चढते. व्यायामशाळेतून बाहेर पडताना १२० ची १८० झालेली दिसली की हात इन्सुलिनच्या पेनकडे जातो. हीच वेळ आवरण्याची आहे. पुष्कळदा ही चढ तासा-दोन तासांत आपोआप ओसरते, आणि इन्सुलिन द्यायचेच झाले तर चढलेली साखर उतरवायला नेहमी घेतो त्या मात्रेच्या निम्मेच द्यावे, असे तज्ज्ञ सांगतात, कारण व्यायामानंतर शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची तयारी वाढलेली असते. सेन्सर नसताना ही चढ दिसतच नव्हती, त्यामुळे तिच्यावर कोणी इन्सुलिनही घेत नव्हते. दिसू लागल्यावर ती निस्तरण्याचा मोह होतो, हा सेन्सरचा एक दुष्परिणामच म्हणायला हवा. याच गुणाचा उलटा वापरही करता येतो. लांब चालण्याच्या अखेरीस काही सेकंदांची जोरदार धाव घेतली तर व्यायामानंतरची घसरण काही काळ थोपते, असे प्रयोगांत दिसले आहे. माझ्या आलेखातही ते दिसते, पण त्यावर विसंबून ग्लुकोजची पुडी घरी ठेवावी इतके ते भरवशाचे नाही.

सिंहगडाचा रविवार हा या सेन्सरचा खरा कस पाहणारा दिवस. आतकरवाडीकडून पायवाटेने चढायला बहुतेकांना तास-दीड तास लागतो, चढ सलग आहे, आणि पुण्यातली निम्मी मंडळी पहाटे निघत असल्यामुळे वाटेत थांबून कोणी दंडाजवळ फोन धरत असेल तर चार प्रश्न विचारले जातात. उपाशीपोटीची चढण पहिल्या अर्ध्या तासात सपाट आलेख दाखवते आणि माणसाला वाटते की आज काही लागणार नाही. नंतर स्नायूंमधला साठा कमी होत जातो, तसा बाण तिरका होऊ लागतो. तासाभराहून लांब व्यायामात तासाला तीसेक ग्रॅम कर्बोदके थोडी थोडी घेत जावे लागते, आणि ती कधी सुरू करायची हे बाण सांगतो. दोन-तीन खजूर, थोड्या वेळाने पुन्हा दोन, असे माझे चालते. वर पोहोचल्यावर खरी परीक्षा सुरू होते. पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही समोर येते, आणि त्यासाठी जलद इन्सुलिन घ्यायचे असते. नेहमीच्या जेवणाइतकी मात्रा इथे घेतली, तर भाकरी आणि तळण हळूहळू पचत असताना इन्सुलिन आधी जोर धरते आणि उतरताना, म्हणजे पाय आधीच थकलेले असताना, साखर कोसळते. मात्रा कमी ठेवावी लागते, आणि भज्यांमुळे उशिरा येणारी चढ घरी पोहोचल्यावर निस्तरावी लागते. हा दुहेरी आलेख पाहिल्याशिवाय कोणी सांगून पटला नसता.

अशा दिवसाचा परिणाम त्याच दिवशी संपत नाही. लांब व्यायामानंतर स्नायू चोवीस तासांपर्यंत साखर ओढत राहतात, त्यामुळे रात्री झोपेत साखर उतरण्याचा धोका असतो. संध्याकाळच्या व्यायामाच्या मानाने सकाळच्या व्यायामात तो कमी असतो, हे इन्सुलिन घेणाऱ्याने सकाळ निवडण्याचे एक भक्कम कारण आहे. लिब्रे आठ तासांचीच माहिती साठवतो, म्हणून झोपताना आणि उठल्याबरोबर न चुकता फोन सेन्सरजवळ धरावा. नाहीतर मधला तुकडा गळतो आणि नेमकी मध्यरात्र हरवते. आदल्या दिवशी साखर फार खाली जाऊन दुसऱ्याच्या मदतीची गरज पडली असेल, तर पुढचे चोवीस तास व्यायाम टाळावा, कारण अशा प्रसंगानंतर उतरत्या साखरेला तोंड देणारी शरीराची यंत्रणा बोथट झालेली असते. इथे कोणताही बाण मदतीला येत नाही.

आपल्याकडे इन्सुलिन घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण तीस-सत्तर प्रमाणातले (तीस भाग जलद आणि सत्तर भाग सावकाश काम करणारे) मिश्र इन्सुलिन दिवसातून दोनदा घेतात. त्यांच्यासाठी लिब्रेचा उपयोग आहे, पण कमी आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. मिश्र इन्सुलिनमध्ये नाश्त्यापुरता भाग कमी करायचा म्हटले तर दिवसभराचा भागही त्याबरोबर कमी होतो. म्हणजे सेन्सरने समस्या अगदी स्वच्छ दाखवली तरी हातातल्या साधनाने ती सोडवता येत नाही. अशांसाठी सोपा मार्ग म्हणजे सकाळचे इंजेक्शन आणि नाश्ता व्यायामानंतर घेणे, आणि तसे केल्यावर उपाशीपोटी साखर कशी वागते हे एका सेन्सरच्या चौदा दिवसांत पाहून घेणे. वजन घटवण्यासाठी दिवसातून दोनच वेळा जेवून सकाळी झपाझप चालण्याचा कार्यक्रम महाराष्ट्रात फार लोकप्रिय झाला आहे. इन्सुलिनवर असलेल्या माणसाने शेजाऱ्याचे पाहून, मात्रा न बदलता, तो सुरू करणे म्हणजे संकटाला बोलावणे आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचाच असेल तर सुरुवातीचे पंधरा दिवस सेन्सर लावण्याइतके योग्य निमित्त दुसरे नाही.

टिकाऊपणाबद्दल थोडक्यात. एक मीटर खोलीपर्यंत आणि अर्ध्या तासापर्यंत पाणी चालते, त्यामुळे आंघोळ, पाऊस आणि तलावातले बेताचे पोहणे यांना अडचण नाही. घाम हा मोठा शत्रू आहे. एप्रिल-मेच्या सकाळी चिकटपट्टीची कड सुटू लागते आणि पाठपिशवीचा पट्टा काढताना सेन्सर त्यात अडकतो. लावण्याआधी जागा साबणाने धुऊन, पूर्ण कोरडी करून घ्यावी, तेल किंवा क्रीम अजिबात नको, आणि वरून जादा पट्टी लावायची झाल्यास सेन्सरच्या मधले छिद्र झाकू नये. सेन्सर लावलेल्या दंडाच्या कुशीवर झोपल्यास दाबामुळे साखर खोटीच कमी दिसते, आणि पहाटे ६० पाहून धावपळ करण्याआधी बोट टोचावे. जीवनसत्त्व क च्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी आकडा खोटाच वाढतो, हे कंपनीच्या सूचनांतच आहे. सर्दीच्या दिवसांत या गोळ्या चघळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. एक्स-रे, सीटी स्कॅन किंवा एमआरआयच्या आधी सेन्सर काढावा, असे मूळ लिब्रेच्या सूचनांत आहे, म्हणून अशी तपासणी ठरलेली असेल तर त्या पंधरवड्यात नवा सेन्सर लावू नये.

किमतीवर सगळे येऊन अडते. एक सेन्सर साधारण पाच हजारांच्या आसपास पडतो आणि तो चौदा दिवसांत संपतो. वर्षभर सलग लावायचे म्हटले तर सव्वीस सेन्सर, म्हणजे सव्वा लाखाच्या वर खर्च. ज्यांना पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे, ज्यांची साखर उतरल्याची लक्षणे जाणवेनाशी झाली आहेत किंवा जे एकटे राहतात आणि एकटेच चालायला जातात, त्यांनी परवडत असेल तर सलग वापरावा. त्यांच्यासाठी तो चैन नाही. मात्र अशांनी विकत घेण्याआधी कोणती आवृत्ती हातात येते आहे हे पेटीवर वाचून घ्यावे. मूळ लिब्रे स्वतःहून इशारा देत नाही, फोन जवळ नेल्याशिवाय तो गप्प असतो. लिब्रे २ पासून पुढच्या आवृत्त्यांत साखर उतरल्याचा किंवा चढल्याचा गजर लावता येतो, आणि व्यायाम करणाऱ्याला हा गजर बाकी सगळ्या सोयींपेक्षा जास्त कामाचा आहे. गजर ७० वर न ठेवता व्यायामापुरता शंभरच्या जवळ आणून ठेवावा, म्हणजे मघाशी सांगितलेला उशीर भरून निघतो.

बाकीच्यांनी सेन्सर अधूनमधून लावावा. इन्सुलिनचा प्रकार बदलला, थंडी सुरू झाली, व्यायामाची वेळ किंवा जात बदलली, की एक लावायचा, उपाशीपोटी आणि नाश्त्यानंतर असे दोन्ही प्रकार मुद्दाम करून पाहायचे, काय खाल्ले आणि किती इन्सुलिन घेतले ते ॲपमध्ये नोंदवायचे, आणि मिळालेला अहवाल डॉक्टरांना दाखवायचा. त्या अहवालात ७० ते १८० च्या पट्ट्यात वेळ सत्तर टक्क्यांहून जास्त आणि ७० च्या खाली चार टक्क्यांहून कमी असावा, असे आंतरराष्ट्रीय सहमतीने २०१९ साली ठरलेले उद्दिष्ट आहे. मी पहिल्यांदा ७० च्या खालच्या वेळेचा आकडा पाहतो. पट्ट्यातल्या वेळेचा आकडा कितीही देखणा असला तरी व्यायामाच्या तासांत लाल रेषा दिसत असेल तर इन्सुलिनची आखणी चुकते आहे. मधल्या काळात साध्या ग्लुकोमीटरवर निघण्याआधी अर्धा तास, निघताना, परतल्यावर आणि त्यानंतर तासाभराने अशा चार पट्ट्या वापरल्या तर शिकलेले बरेचसे टिकून राहते, आणि निघण्याआधीच्या दोन आकड्यांतून बाणाचे काम थोडेफार निभावतेही.

स्वतः विकत घ्यायचा नसेल तर डॉक्टरांकडे लावला जाणारा प्रो सेन्सर हा पर्याय आहे, जो भारतात २०१५ पासून उपलब्ध आहे. तो चौदा दिवस गुपचूप नोंद करतो आणि आलेख दवाखान्यातच उलगडतो. इन्सुलिनची मात्रा ठरवायला तो उत्तम आहे, परंतु टेकडीच्या पायथ्याशी उभे राहून आज निघावे की थांबावे हे तो सांगू शकत नाही, आणि व्यायामासाठी म्हणून मी तो सुचवणार नाही. दोन्हींपैकी कोणताही घेतला तरी पहिल्या दिवशीचे आकडे पुढच्या दिवसांइतके भरवशाचे नसतात. म्हणून सेन्सर शक्यतो विश्रांतीच्या दिवशी लावावा आणि त्या दिवशी बोटाच्या आकड्याशी दोन-तीनदा ताडून पाहावा, म्हणजे दुसऱ्या सकाळी बूट घालताना तो किती वर किंवा किती खाली बोलतो याचा अंदाज हाताशी असतो.